बाहेरगावचा साक्षीदार आधी

निवृत्त न्यायाधीश वारले, त्याच्या तिसऱ्या दिवशी नांदेडच्या कोर्टात शोकसभा होती. तिथलं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण निवृत्तीनंतर दर रविवारी ते आमच्या संघटनेच्या खोलीत बसून लोकांचे कागद वाचून देत. मी पहिलीच ओळ लिहिली: लातूरला असोत की नांदेडला, ते बाहेरगावचा साक्षीदार आधी घेत. गावाकडची गाडी चुकलेला माणूस पुढच्या तारखेला येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

वकील संघाच्या अध्यक्षांनी ती ओळ वाचली. आवाज भरून आला त्यांचा. दोन मिनिटं उभे राहिलो. मग जाहीर झालं: साहेबांच्या सन्मानार्थ आज वकील कामकाजात भाग घेणार नाहीत.

बाहेर बाकावर उमरीची एक बाई होती. नवरा गेला तसे दीर म्हणायला लागले, हिचं लग्नच झालं नव्हतं, हिस्सा कसला? ते लग्न लावणारे जंगम स्वामी तेवढे हयात. त्यांना तिने जीपमधून धरून आणलं होतं.

"मावशी, काय झालं?"

"दोन महिन्यानंतर या म्हने. मोठे साहेब वारले." ती स्वामींच्या पाठीला हात लावून बसली होती. "ह्यांचं ऐकून घेतलं असतं तर साहेबांचं काय बिघडलं असतं?"

तिचे वकील चहा पीत होते. म्हटलं, "सर, अर्ध्या तासाचं काम आहे. चला आत."

"सगळे बाहेर, अन् मी एकटा आत? काही रीत असते बाबा. तूच तर किती छान लिहिलंस."

"वाचलं का ते?"

"वाचलं की. डोळ्यांत पाणी आलं."

उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी पेनाने लिहिलं: ज्यांनी आज उमरीच्या साक्षीदाराला परत पाठवलं, त्यांनी साहेबांचं नाव घेऊ नये. अन् एकेक वकिलांच्याच खोलीत वाटत गेलो. एक ज्येष्ठ म्हणाले, "निदान आजचा दिवस तरी सोड." आजचाच दिवस तर हवा होता.

परतलो तेव्हा बाई स्वामींना जीपमध्ये बसवत होती. स्वामी तिला म्हणाले, "अक्षता पडल्या तवा तू लई रडत होतीस पोरी. तुज्या बापानं डोळे पुसले. तेवढंच सांगायचं होतं म्या. दोन महिने ध्यानात राहतंय का बघू."