आप्पांनी जुळवलेला लॅपटॉप

समोरच्याने ‘नाही’ म्हटलं की आप्पा खुर्ची पुढे ओढत. आपण असतो तर उठलो असतो, चपला शोधायला लागलो असतो. आप्पा उलट नीट मांडी घालून बसत, कपाळावरच्या भस्माला धक्का न लावता घाम टिपत आणि शांतपणे विचारत, “न्हाई ते ठीक हाय. पर न्हाई म्हणतंय कोण?”

गेवराईत माझ्या सासरच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एसटीडी बूथ होतं. पिवळी पाटी, काचेची खोली आणि आत लाल आकडे पळवणारं मीटर. ते सगळं काकू सांभाळायच्या. आप्पांचा खरा उद्योग सोयरिकी जुळवण्याचा. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल, नाही असं नाही. फक्त आपला तो मध्यस्थ लग्नानंतर ओळख देत नाही, आणि आप्पा लग्नानंतरच जास्त दिसायचे.

त्यांचं म्हणणं असं, की सोयरीक कधी सगळं घर मिळून मोडत नाही. “सगळं घर एका तोंडानं कधीच न्हाई म्हणत नसतं, माय. एकजण म्हणतो, बाकीचे माना हलवतात. तो एकजण हुडकायचा.” माजलगावकडची एक ठरलेली सोयरीक अचानक फिसकटली, तेव्हा आप्पा पुढच्या दाराने दोनदा जाऊन हात हलवत परत आले. मग ते मागच्या दाराने गेले. तिथे गोठ्याजवळ मुलाचे आजोबा बसलेले. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही म्हणून मुलगी बघायला कुणी नेलंच नव्हतं. आप्पांनी आजोबांना त्यांच्या गावच्या फोनवर आणवलं आणि इकडे बूथमध्ये मुलीला उभं केलं. म्हातारबाबा तिच्याशी बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि फोन ठेवून म्हणाले, “तिथी काढा.”

माझं लग्नही आप्पांनीच जुळवलेलं. माझे वडील, अण्णा, अंबाजोगाईहून बैठकीला आले होते. देण्याघेण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली, “पोरगी बी. एस्सी. झालेली हाय. तिला काम करू देतील का?” मुलाकडचे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आप्पांनी कुणालाही न विचारता सांगून टाकलं, “करू देतील. शब्द माझा.”

आमच्याकडे मध्यस्थाचा शब्द म्हणजे दोन्ही घरांवरचं ओझं असतं. तो मोडला तर घरं आपापल्या जागी राहतात, मध्यस्थाची मान मात्र खाली जाते. आप्पांनी शब्द देऊन टाकला खरा, पण तो पाळायचा होता माझ्या सासऱ्यांनी, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं.

मामंजींचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान. स्वभावाने वाईट नाहीत, पण एकदा बोलले की बोलले. बीडच्या एका शाळेत मला जागा मिळत होती, तर म्हणाले, “रोज एसटीनं बीडला? घरात काय कमी पडलंय?” आमचे हे त्या वेळी पेपर वाचत होते आणि तो पेपर त्यांनी बराच वेळ खाली केला नाही. आप्पा आले, खुर्ची पुढे ओढली, पुन्हा आले, पुन्हा ओढली. इथे नाही म्हणणारा माणूस हुडकायची सोयच नव्हती. तो समोर बसून चहा पीत होता.

त्यानंतर आप्पा आमच्या दारावरून जाताना झपझप चालायला लागले. घरी फोन नव्हता, तेव्हा अण्णांचा फोन बूथवरच यायचा. पूर्वी आप्पा स्वतः हाक मारत यायचे, आता काकूंना पाठवत. मी बोलत असले की ते बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम यायचं.

अशात माझ्या पुण्याच्या भावाने त्याच्या ऑफिसने काढून टाकलेला एक लॅपटॉप मला पाठवला. वरवंट्याइतका जड. त्याच सुमारास बीडच्या एका कोचिंग क्लासला मराठी नोट्स टाइप करून देणारं माणूस हवं होतं. कागद एसटीने येणार, सीडी एसटीने जाणार. मामंजी चक्क म्हणाले, “घरात बसून होत असंल तर करा. पर बीडला चकरा न्हाई.” दिवाळीपर्यंत एक धडा करून दाखवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार होतं. मला वाटलं, लागला एकदाचा मार्ग.

पण क्लासवाल्यांचं मराठीचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवरच चालायचं, आणि लॅपटॉपमध्ये होती जुनी. आमचे हे तो बीडला एका कॉम्प्युटरवाल्याकडे घेऊन गेले. त्याने उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं, “ह्या मॉडेलवर नवी सिस्टीम चालत नाही. कंपनीनंच तसं लिहिलंय. नवं मशीन घ्या.” नवं मशीन मामंजींकडे मागण्यापेक्षा मी माहेरी निघून जाणं सोपं होतं. भावाने पाठवलेली सीडी मी तरीही घालून पाहिली. इंग्रजीत काहीतरी लिहून आलं आणि मशीन थांबलं. बूथवरून भावाला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, सोड नाद.” फोन ठेवला आणि काचेच्या खोलीतच मला रडू कोसळलं.

आप्पा दार उघडून आत आले. कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे बघून बोलले.

“न्हाई कोण म्हणतंय?”

“मशीन.”

“समदं मशीन?”

मी चिडले. “आप्पा, ही काय सोयरीक आहे का?”

“मग काय हाय? जुनं घर हाय, नवी सून यायचीय, अन् घरातलं कुणीतरी अडून बसलंय. घरी चल. ते काय म्हणतंय ते मला वाचून दाखव. शब्द न् शब्द.”

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं आणि कॉम्प्युटर त्यांनी बँकेच्या काउंटरपलीकडे पाहिलेला. दुपारी ते आमच्या ओसरीवर येऊन बसत, मी वाचायची, ते ऐकायचे. मी आधी फक्त वरची ओळ वाचून हाय खाल्ली होती. खालच्या ओळीत लिहिलं होतं, की मेमरी कमी आहे. मी त्यांना सांगितलं, मेमरी म्हणजे मशीनला काम मांडायला लागणारी जागा.

“म्हंजे सून नको म्हणत न्हाईत,” आप्पा खुलले, “खोली न्हाई म्हणतेत! मग खोली काढू की.”

ते स्वतः बीडला जाऊन मेमरीची पट्टी घेऊन आले. रुमालात गुंडाळून, वरच्या खिशात, एका हाताने धरून. भावाने फोनवर सांगितल्याप्रमाणे आम्ही मागचं झाकण उघडून ती बसवली. मशीनने ती मानली. मध्ये दसरा आला म्हणून दोन दिवस हात लावला नाही. त्यानंतर सीडी घातली, तर नवी सिस्टीम खरंच चढायला लागली. मी पदर खोचून समोर बसले. अर्ध्यात गेली असेल नसेल, आतून खर्र खर्र आवाज आला आणि गाडी थांबली. फाइल सापडत नाही म्हणे. पुन्हा केलं, तर दुसऱ्याच फाइलीवर अडली. तिसऱ्यांदा तिसरीच.

मी म्हटलं, “झालं. कॉम्प्युटरवाला खरं सांगत होता.”

आप्पा मात्र डोळे बारीक करून बसले होते. “दरवेळी कारण बदलतंय न्हवं? मघा एक, आता दुसरं. जवा कारण बदलत राहतं तवा खरं कारण सांगायचं नसतं, माय. आतलं काहीतरी येगळंच हाय.” आणि ते मशीनकडे बघायचं सोडून घराकडे बघायला लागले. “ह्याच्याजवळ कोण कोण आलं होतं?”

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्या सहज म्हणाल्या, “मी आलते की. खंडेनवमीला पूजा केली. तराजूची केली, शिलाई मशीनची केली, मग ह्याची कावून न्हाई करायची?”

“कशी केली, वयनी?”

“हळदकुंकू लावाया गेले, तर बोट लागलं अन् त्यानं आपलं आपणच ताट पुढं केलं. ताट पुढं केल्यावर अक्षता न्हाई टाकायच्या का? टाकल्या, फूल ठिवलं, अन् हळूच आत सारलं.”

मी बटण दाबून सीडीचा खण बाहेर काढला, सीडी उचलली आणि घालायच्या घाईत जे नीट पाहिलंच नव्हतं ते दिसलं. वर हळदीचा डाग, कडेला तांदळाचे दाणे आणि झेंडूची एक चेपलेली पाकळी. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “वयनी, लगीन लागायच्या आधीच अक्षता टाकल्या व्हय!” दारात उभे असलेले मामंजीही हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्यांचं म्हणणं पूजा शास्त्राप्रमाणेच झाली होती. मी ह्यांच्या दाढीच्या ब्रशने खण साफ केला आणि सीडी पुन्हा लावली.

संध्याकाळी नवी सिस्टीम उभी राहिली. पण पडदा असा, की अक्षरं बोटभर मोठी आणि रंग धुऊन काढल्यासारखे. नव्या सिस्टीमला हा जुना पडदा ओळखूच येत नव्हता. भावाने फोनवर सांगितलं, की ओळख करून देणारी फाइल कंपनीने ह्या मॉडेलसाठी बनवलेलीच नाही.

“ह्याच कंपनीचा ह्याच्या पाठचा मॉडेल असंल की,” आप्पा फोनमध्ये ओरडले. त्यांना वाटायचं, पुणं लांब आहे म्हणून ओरडावं लागतं. “एका घरातली पोरं. धाकट्याचा सदरा थोरल्याला घालून बघ बे!”

भाऊ वैतागला, पण त्याने पुढच्या मॉडेलची फाइल शोधून फ्लॉपीवर पाठवली. ती जरा ओढून ताणूनच बसली, पण बसली. पडदा लखलखीत झाला. आवाज मात्र त्या लॅपटॉपमधून पुढे कधीच आला नाही. आप्पांनी त्यालाही पास केलं. “बोलत न्हाई तर न्हाई. कामाला तर चांगलं हाय.”

मी मराठी लावून पहिलं अक्षर उमटवलं तेव्हा मामंजी मागे उभे होते. मी धसकले. ते म्हणाले, “आपल्या दुकानाचं नाव येतं का?” मी टाइप केलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि वाचलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात धडा तयार झाला, तेव्हा सीडीचं पाकीट माझ्या हातून घेऊन ते स्वतः बीडच्या गाडीत बसले. क्लासवाल्यांच्या हातात देऊन, चहा पिऊन, पुढचे कागद घेऊनच परत आले. बीडला चकरा नकोत म्हणणारा हा माणूस नंतर वर्षभर चकरा मारत होता. पुढे कामच एवढं वाढलं, की मलाच बीडला जावं लागायला लागलं. तेव्हा मामंजी सकाळी स्टँडवर येऊन खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचे. आज गेवराईत माझी स्वतःची टायपिंगची दोन दालनं आहेत आणि तिथे शिकणाऱ्या निम्म्या मुली कुणा ना कुणाच्या सुना आहेत.

आप्पा आता नाहीत. मोबाइल आले तसं बूथ गेलं. त्या काचेच्या खोलीत काही दिवस रिचार्जची कूपनं विकली जायची, पुढे तीही बंद झाली. आप्पा शेवटपर्यंत सोयरिकी जुळवत राहिले. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाले होते, “आता पोरीच न्हाई म्हणतेत माय, तोंडावर. लई बरं झालं. हुडकावं लागत न्हाई.” असं बोलणारा त्यांच्या पिढीतला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

पण मला ते आठवतात ते त्याच दिवाळीतले. अण्णा अंबाजोगाईहून आले होते. क्लासच्या छापील नोट्स मी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी भौतिकशास्त्राचा तो धडा, काही कळत नसताना, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पिशवी उचलून म्हणाले, “चल, आप्पांकडं जाऊ.”

बूथवर पोचल्यावर अण्णांनी पिशवीतून फेटा काढला. लग्नात मध्यस्थाला मानाचा फेटा बांधतात, हे तुम्हाला माहीत असेलच. माझ्या लग्नात आप्पांनी तो बांधून घेतला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. ‘आधी पोरीचं काम लागू द्या, मग बघू’ असं म्हणून त्यांनी तो अण्णांच्याच हातात परत दिला होता. आणि अण्णांनी तो इतकी वर्षं ट्रंकेत ठेवला होता.

एरवी दहा घरांना बोलून जिंकणारे आप्पा नुसते स्टुलावर बसले आणि त्यांनी मान पुढे केली. अण्णांनी फेटा बांधला. काकू आतून पदर डोळ्यांना लावून बघत होत्या, आणि मीही रडत होते, लपवायचं काही कारण नव्हतं.

आप्पांनी दिवसभर तो फेटा उतरवला नाही. तसेच मीटरजवळ बसून होते. फोन करायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने सुटे पुढे करत विचारलं, “कुणाचं लगीन हाय, आप्पा?”

आप्पांनी फेट्याचा शेमला सारखा केला. “हाय न्हवं,” ते म्हणाले, “लागलं. आजच लागलं.”