लाड बाजारातली भामाबी

माझी आत्या एका मुसलमान चुडीवाल्याच्या दुकानात बसून बायकांच्या हातात बांगड्या भरत असे. एवढं साधं वाक्य, पण आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलं नाही. माझे वडील मुकुंदराव निजामाच्या मालगुजारी कचेरीत होते. बहिणीबद्दल कुणी विचारलं तर ते म्हणत, "ती असते देवडीवर, बेगमसाहेबांकडं." देवडी म्हणजे नवाबाचा वाडा. तिथं चाकरी केली तर अब्रू राहते आणि दुकानात बसलं की जाते, असा त्यांचा हिशेब होता. मीही तोच हिशेब शिकले, म्हणून वडिलांना फार बोलण्याचा मला अधिकार नाही.

तिचं नाव भामा. परभणीकडं दिली होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा प्लेगात गेला, सासरच्यांनी दोन महिन्यांत गाडीत बसवून भावाकडं हैदराबादेत काचीगुड्याला पाठवून दिली. माझी आई मी तीन वर्षांची असताना वारली. तेव्हापासून मला न्हाऊ-माखू घालणारी, वेणी घालणारी, आजारात उशाशी बसणारी तीच. मला आईचा चेहरा आठवत नाही आणि त्याची खंतही कधी वाटली नाही, ती आत्यामुळं.

देवडीवर ती खरोखरच होती, पण सुरुवातीची चार-पाच वर्षं. तिथल्या बेगमा पडद्याच्या मोटारीतून लाड बाजारात जायच्या. चारमिनारच्या पायथ्याशी मोटार उभी राहायची, दुकानदार माल मोटारीपर्यंत आणायचे, पण पडद्याआडच्या हातात बांगड्या भरणार कोण? तिथं पुरुषाचा हात चालत नव्हता. मग आत्या भरू लागली. जमालुद्दीन नावाच्या चुडीवाल्यानं तिचा हात पाहिला आणि म्हणाला, "भामाबी, इत्ता हलका हाथ है तुमारा, दुकान पे बैठो." तेव्हापासून ती दुकानाच्या गादीवर बसली ती जवळजवळ वीस वर्षं. शहरात तिला भामाबी म्हणत. हे नाव ऐकलं की वडील ओठ आवळत.

तिचं कसब मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी एकदा दाबायची आणि माप सांगायची. सव्वादोन, अडीच. तिचं माप कधी चुकलं नाही. काचेची बांगडी तिच्या हातून क्वचितच फुटायची. फुटलीच तर आपल्याकडं म्हणतात, "वाढली." बेगमा म्हणायच्या, "ठंडी हुई." आत्या दोन्ही म्हणायची आणि हसायची, "बघ कमळे, बांगडी कुठलीबी असू दे, फुटली म्हणायचं धाडस कुणालाच न्हाई." तिच्या स्वतःच्या मात्र फुटल्याच होत्या. त्यांना कुणी गोड शब्द शोधला नव्हता.

बेगमांनी तिचं मोकळं कपाळ कधी मनावर घेतलं नाही. त्यांचं फार कौतुक करावं असं नाही. त्यांच्या लग्नांतही सुहागनीच लागायच्या, आणि त्या दिवशी आत्या आपण होऊन बाजूला बसायची. पण एरवी कुणी हात मागं घेतला नाही.

हळूहळू तिच्याकडं बाहेरच्या पाहुण्याही येऊ लागल्या. सिकंदराबादच्या छावणीतल्या मडमा, रेसिडेन्सीवर उतरलेल्यांच्या बायका, मद्रासकडच्या जमीनदारणी. त्यांना शहर दाखवायचं आणि शेवटी दुकानात आणायचं. त्यात तिचा एक शिरस्ता होता. सकाळी ऊन चढायच्या आत चारमिनार वर चढून बघायचा, खाली उतरून मक्का मशीद बाहेरून, मग पत्थरगट्टीला मोती फक्त बघायचे, घ्यायचे नाहीत. लाड बाजार सगळ्यात शेवटी. "पाय दुखले की बाई बसते, आन् बसली की हात पुढं करते," असं ती म्हणायची. गोवळकोंडा आणि बाजार एका दिवशी करणाऱ्यांना ती बेअक्कल समजायची. किल्ला चढून आलेल्या बाईचे हात सुजलेले असतात, माप बिघडतं.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात फौजा आल्या आणि पाच दिवसांत निजामी संपली. त्याआधीचं वर्ष रझाकारांच्या भीतीनं आम्ही दारं लावून काढलं होतं. तिरंगा लागला तेव्हा वडील रडले, मीही रडले. जमालुद्दीनचाचांनी मात्र तीन आठवडे दुकान उघडलं नाही. खेड्यातल्या त्यांच्या नातलगांची खबर येत नव्हती, आणि पुढं आली ती न आली असती तर बरं, अशी होती. आत्या रोज त्यांच्या घरी भाकरी पोचवून यायची. ती त्यांच्यासाठी हळहळायची आणि तरी खूश होती. दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदमच दिसायचं. मला म्हणायची, "आता आपली माणसं येतील बघ. पुण्याची, सोलापूरची. आजवर दुसऱ्यांच्या बोलीत शहर दाखवलं, आता आपल्या बोलीत दाखवीन."

ती आलीही. पन्नास सालच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका महिला मंडळाच्या पंधरा-सोळा बायका मुक्त झालेलं हैदराबाद पाहायला आल्या. सुशीलाबाई म्हणून त्यांच्या पुढारी होत्या. आत्यानं त्या दिवशी इरकली लुगडं नेसलं, पदर नेहमीसारखा कपाळावर ओढलेला, ती देवडीवरची सवय. दिवसभर तिनं त्यांना जीव तोडून शहर दाखवलं. तिच्या बोलण्याला त्या हसत होत्या. "इकडून या बाई, तिकडं किच्चड हाय. परेशान नका होऊ, लाड बाजार आलाच." त्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या आणि आत्याला वाटत होतं, आपल्याच घरच्या हसतायत.

दुकानात बसल्यावर तिनं पहिल्या बाईच्या हातात दोन बांगड्या चढवल्या. शेगडी जवळ होती, लाखेच्या बांगड्या ऊन करायला. तिच्या धगीनं पदर मागं सरकला. सुशीलाबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "अहो बाई, तुमचं कुंकू?"

आत्या म्हणाली, "न्हाई मला, बाई. बावीस वर्षं झाली."

ज्या बाईच्या हातात दोन बांगड्या चढल्या होत्या तिनं त्या उतरवल्या आणि गादीवर ठेवल्या. कुणी वाकडं बोललं नाही, हो. सगळ्या सुशिक्षित होत्या. सुशीलाबाईंनी अगदी हळुवार आवाजात सांगितलं, "राग मानू नका. ते मियाँ भरू देत." आणि सगळ्याजणींनी जमालुद्दीनच्या हातून बांगड्या भरून घेतल्या. ज्यांच्या जुलमातून आम्हाला सोडवलं म्हणून त्या अभिमानानं फिरत होत्या, त्यांच्यातला एक पुरुष चालला. आपल्या बोलीतली बाई चालली नाही. भरून झाल्यावर रीतीप्रमाणं त्यांनी चाचांना नमस्कारही केला. आत्या पायरीवर त्यांच्या चपला राखत बसली.

हे तिनं मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. मी तेव्हा मॅट्रिकला होते, प्रभातफेरीत पुढं असायचे. मी त्या बायकांना यथेच्छ शिव्या घातल्या. आत्या म्हणाली, "जाऊ दे. लई गोड बोलत होत्या."

मग ते असंच होत गेलं. पूर्वीची गिऱ्हाइकं आटली. देवडीवरच्या बेगमा कुणी कराचीला गेल्या, कुणी वाडे विकून गप्प बसल्या, रेसिडेन्सी तर संपलीच. आता यायच्या त्या आपल्याच बायका, आणि आत्याला पाहिलं की त्यांचे हात पदराखाली जायचे. चाचा चांगला माणूस, पण दुकान त्यालाही चालवायचं होतं. एक दिवस म्हणाला, "भामाबी, एक टिकली लगा लेव. कौन पूछने आ रा?" आत्या म्हणाली, "नक्को चाचा. खोटं कपाळ घेऊन कुणाचा हात धरू?" त्यानंतर ती बाहेरून शहर दाखवायची, गिऱ्हाइकं दुकानात पोचवायची आणि स्वतः पायरीवर बसायची. गादी आत, ती बाहेर. तिला दुसरं काही नको होतं, फक्त हातात हात घेऊन बांगडी चढवायची होती. घरी भाजी निवडताना तिची बोटं नुसतीच हलायची, मी पाहत असे.

बावन्न साली माझं लग्न ठरलं. सोलापूरची माणसं, मास्तरांचं घर. वडील खूश होते. त्यांनी सासरच्यांना बहिणीबद्दल सांगितलंच नाही. पाहायला आली तेव्हा आत्या मागच्या खोलीत होती. मग सासूबाईंचं पत्र आलं, पद्मावतीबाईंचं. हैदराबाद पाहायचं आहे, लाड बाजारात लग्नाची खरेदी करायची आहे, दोन दिवस येतो. वडिलांना घाम फुटला. आत्याच म्हणाली, "मी दाखविते शहर. मी तुमची कोण ते सांगू नका, म्हणजे झालं." वडिलांनी मान हलवली. मलाही तेच सोयीचं वाटलं. आदल्या संध्याकाळी तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "कमळे, तुझ्या हातात पहिला जोडा मी भरणार. मग दुनिया काय म्हणायची ती म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी वडील कचेरीत गेले आणि मी पद्मावतीबाई आणि त्यांच्या जाऊबाईंना घेऊन चारमिनारला पोचले. आत्या आधीच उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं. रुपयाएवढं, ठळक.

ती माझ्याकडं पाहून किंचित हसली, लाजल्यासारखी. चाळिशी उलटलेली बाई त्या एका ठिपक्यानं नव्या सुनेसारखी दिसत होती. चाचाला दोन वर्षं नाही म्हणाली आणि माझ्यासाठी हो म्हणाली, हे मला कळत होतं. पण मला त्याचा आनंद झाला नाही. मला भीती वाटली. दिवसभर ती चारमिनार दाखवत होती, मोत्यांची पारख सांगत होती, पद्मावतीबाई तिच्यावर बेहद्द खूश झाल्या होत्या. "बाई मोठी हुशार आहे हो," असं मला दोनदा म्हणाल्या. माझ्या डोक्यात एकच चालू होतं: हिच्या हातून जोडा भरला आणि उद्या त्यांना काही झालं तर? ते म्हणजे माधवराव, ज्यांना मी एकदाच, तेही मान खाली घालून पाहिलं होतं. शाळेत शिकलेलं सगळं, प्रभातफेऱ्या, भाषणं, कुठं गेलं कुणास ठाऊक.

दुकानात चाचानं आत्याकडं पाहिलं आणि गादीवरून सरकून जागा दिली. ती बसली. दोन वर्षांनी बसली. पद्मावतीबाई म्हणाल्या, "तुम्हीच भरा बाई. आधी मुलीला."

आत्यानं माझा हात घेतला. माप दाबून पाहायची तिला गरजच नव्हती. हिरवी बांगडी अंगठ्यावरून कधी सरकली ते कळलंसुद्धा नाही. दुसरी चढली. तिसरी तिनं उचलली आणि मी हात ओढून घेतला.

"काय झालं गं?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "ह्या विधवा आहेत."

ह्या. मी आत्यासुद्धा म्हणाले नाही.

पद्मावतीबाई दचकून उठल्या, जाऊबाईंनी देवाचं नाव घेतलं. आत्या मात्र ओरडली नाही, रडली नाही. तिनं पदरानं कपाळ पुसलं, दोनदा पुसलं, कारण कुंकू पसरलं होतं. माझ्या हातातल्या दोन बांगड्या तिनं उतरवल्या नाहीत, मीच उतरवल्या. ती उठून म्हणाली, "चाचा, तुमी भरा." आणि मग पद्मावतीबाईंना, अगदी धंद्याच्या आवाजात, "माफी करा बाई. मुलीचं माप सव्वादोन हाय, लहान घेऊ नका." चाचांनी माझे दोन्ही हात भरले. भरताना एक वाढली. भरून झाल्यावर सगळ्यांदेखत मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "जीती रहो," पण माझ्याकडं पाहिलं नाही.

लग्नाच्या आठवड्यात आत्या परभणीला कुणा चुलत दिराकडं गेली. वडिलांनी विचारलं नाही, मीही अडवलं नाही. परत आली ती त्या दुकानाकडं फिरकली नाही. मी माहेरी जायचे तेव्हा ती जेवू घालायची, मुलांना न्हाऊ घालायची, माझ्या केसांना तेल लावायची. पण माझा हात तिनं पुन्हा कधी हातात घेतला नाही. मी एकदा मुद्दाम पुढं केला होता. तिनं त्यात ताकाचा पेला दिला.

पद्मावतीबाई मात्र ती हकीकत दर संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांना सांगत. "आमची सून मोठी धीराची. ऐन वेळी बोलली म्हणून अरिष्ट टळलं." बायका माझ्याकडं कौतुकानं पाहत आणि मी वाण वाटत राही. माधवरावांना कधी साधा हिवतापही झाला नाही.

आत्या एकसष्ट साली गेली. तार आली तेव्हा सासूबाई समोरच होत्या. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आमच्या माहेरची जुनी मोलकरीण. त्यांनी कपाटातून प्रवासाला माझं चांगलं लुगडं काढून दिलं आणि म्हणाल्या, "जाऊन ये हो. नोकरमाणसाचंसुद्धा आपण केलं पाहिजे."