विहिरीपासून चाळीस हात

देवासच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवते आहे. मैलांचे किलोमीटर करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. तरी त्या सकाळी धारच्या बसस्टँडवरून टॅक्सीने निघालो आणि माझी पार भंबेरी उडाली.

बाबा चौऱ्याऐंशीचे. त्यांना धाकट्या बहिणीची जागा एकदा बघायची होती. ते सहा वर्षांचे असताना आजोबांची बदली धारहून मनावर नावाच्या गावी झाली आणि बैलगाडीच्या प्रवासात दोन वर्षांची ती पोर तापाने गेली. इतक्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. आजोबांनी तिला वाटेतच पुरलं. बाबांना मात्र गाडीत बसवून ठेवलं, त्यामुळे त्यांनी जागा कधी पाहिलीच नाही. हाताशी होती ती आजोबांच्या वहीतली एक ओळ: 'धारेपासून मनावरच्या वाटेने तीन कोस. विहिरीपासून पूर्वेस चाळीस हात. दगड ठेविला.'

कोस म्हणजे दोन मैल. मी ऐटीत टॅक्सीवाल्याला सांगितलं, "नऊ पूर्णांक सहा किलोमीटर." तिथे निघाला पेट्रोलपंप. मोबाइल उघडला तर एका ठिकाणी कोस पावणेदोन किलोमीटरचा, दुसऱ्या ठिकाणी साडेतीनचा. शिवाय मोजायचं कुठून? तेव्हाची धार आजच्या बसस्टँडच्या बरीच अलीकडे संपत असणार. मला काही म्हणता काही कळेना, आणि कळेना म्हणून भयंकर राग यायला लागला.

टॅक्सीवाल्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, कोस कच्चा के पक्का? बैलगाड़ी वाला कच्चा, वो छोटा होता है."

"घ्या!" बाबा म्हणाले. "या टॅक्सीवाल्या भियाला कळतं, गणिताच्या बाईंना नाही."

आम्ही मागे वळलो. तीनेक किलोमीटरवर चहाच्या टपरीवाल्याने एक जुनी विहीर दाखवली. वर लोखंडी जाळी, आणि पूर्वेला नुसतं सोयाबीन.

"बाबा, चिखल आहे. तुम्ही गाडीतच बसा."

"एकदा बसलो होतो," ते खेकसले आणि दार उघडून उतरले.

हात अठरा इंचांचा, म्हणजे साठ फूट. मी टेप काढली.

"अठरा इंच कुणाचा हात?" बाबांनी विचारलं. वडलांना ते दादा म्हणत. "दादा ठेंगणे होते, तुझ्याएवढे. तुझ्याच हाताने मोज."

मग काय, पन्नाशी उलटलेली मी पदर खोचून चिखलात बसले. कोपर टेकवायचं, मधल्या बोटाशी खूण करायची, त्या खुणेवर पुन्हा कोपर. सतराला आकडा चुकला म्हणून परत विहिरीपासून सुरुवात केली. हा हात खरा की टेप खरी, कोस खरा की ही विहीर, कशाचीच खात्री वाटत नव्हती.

"किती झाले?" बाबांचा आवाज अगदी जवळून आला.

"एकतीस."

"सरक. पुढचे मी मोजतो."

गुडघे धरत ते खाली बसले. मी अडवलं नाही. नऊ हात मोजायला त्यांना फार वेळ लागला. चाळिसाव्या हाताशी दगडबिगड काही नव्हतं. बाबांनी खिशातून रेवड्यांची पुडी काढून मातीवर ठेवली. मला रडू फुटलं.

"बाबा, माझा हिशेब चुकला असेल हो. कदाचित ही जागाच नसेल."

"जाताना ती दादांच्या हातांवर होती," ते म्हणाले. "परत येताना ते एकटेच, असे वाकून, जमिनीवर हात टेकत टेकत आले. त्यांचं काहीतरी पडलंय असं वाटलं मला. मी गाडीतून ओरडून विचारलं, दादा, मी येऊ का शोधायला?"