तात्यांना विचारलेला प्रश्न

एका सोमवारी दुपारी सव्वाबाराला मिरजेत निदान झाले. खोलीत तिघे होतो: छातीचे डॉक्टर, माझे चुलते तात्या आणि मी. आजार ब्रॉन्किएक्टेसिस. म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंद होतात, त्यांत कफ साचतो आणि पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो.

त्याआधीचे अकरा महिने माझ्यामुळे वाया गेले. लिहायला लाज वाटते, पण रुग्णाबरोबर जाणाऱ्यांनी वाचावे म्हणून लिहितो.

तात्या हवाई दलात तंत्रज्ञ होते. एकाहत्तरच्या युद्धातले शौर्यपदक त्यांच्याकडे आहे. वडूजजवळच्या आमच्या गावात दर स्वातंत्र्यदिनी शाळेत त्यांना शाल-नारळ देतात आणि ओळख मी करून देतो. "शत्रूची सात विमाने पाडली आणि अंगावर ओरखडाही न येता परतले," हे वाक्य वीस वर्षे माझेच. एरवी मी विजेच्या मीटरचे रीडिंगही तारीख घालून लिहितो. हा सातचा आकडा कुठून आणला, ते मलाच सांगता येत नाही. तात्या खाली बघत बसायचे. आम्ही त्याला विनय समजायचो.

साताऱ्यातल्या पहिल्या डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, पूर्वी छातीला काही इजा, धूर, गॅस? तात्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, युद्ध करून आले, पण ओरखडा नाही. कागदावर तसेच लिहिले गेले. दम्याचा पंप सुरू झाला. ताप येत राहिला, वजन नऊ किलो उतरले.

मिरजेत सीटी स्कॅन झाला, म्हणजे छातीची थराथराने काढलेली चित्रे. त्यात जुने व्रण दिसले. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी सुरू झालो, तसे ते म्हणाले, "तुम्ही थांबा. आजोबांना बोलू द्या."

तात्या दम घेत म्हणाले, "म्या एकबी इमान पाडलं न्हाई, साहेब. धावपट्टीवर आपलंच एक पेटलं हुतं. आत शिरून दोघांस्नी काढलं. धूर लय गिळला. म्हैनाभर दवाखान्यात हुतो."

घरी कधी बोलला नाहीत का, असे डॉक्टरांनी विचारले.

"ह्यो माईकवर सात म्हणतुया. तवा तिसरा आतच ऱ्हायला, हे कसं सांगू?"

इतक्या वर्षांनी आजाराचे कारण नक्की सांगता येणार नाही, पण हे आधी कळले असते तर स्कॅन पहिल्याच महिन्यात झाला असता, असे डॉक्टर म्हणाले.

चौदा दिवस शिरेतून औषध दिले. आता दिवसातून दोनदा त्यांना पालथे झोपवून पाठ थोपटतो, त्याने कफ सुटतो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

परवा थोपटताना मी तिसऱ्याचे नाव विचारले. तात्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले आणि बराच वेळ बोलत राहिले. मी मध्ये एकदाही बोललो नाही.