गेटवर अडकलेली हातोडी

परवा दिवाळी पहाट वाजवून आले. सकाळी साडेअकरा वाजता, हिंजवडीत, एका आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये... पहाट कधी होते हे आता ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी तबला वाजवते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण इतकी वर्षं वाजवूनही प्रत्येक आयोजक मला विचारतो, "ताई, तुम्ही गाणार ना? मग तबलजी कुठे आहेत?" तबलजी तुमच्यासमोर उभे आहेत, काका. साडी नेसून.

माझ्या खोडी घरात सगळ्यांना पाठ आहेत. कार्यक्रमाआधी काही खात नाही, तबल्याला कोणाला हात लावू देत नाही, रिक्षातसुद्धा पिशवी मांडीवर. मुलीला एवढं जपलं नाहीस, असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

त्यातून हा तबला अन्वरचाचांचा. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांचं तबल्याचं दुकान होतं, मागे राहायची खोली. ते गेले, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्यांनी चढवलेलं हे शेवटचं चामडं माझ्याकडे आहे आणि या पावसाळ्यात त्याच्या मधोमधल्या काळ्या गोलाला, म्हणजे शाईला, तडा गेला... बारीक कण सुटायला लागले. दोन कारागिरांना दाखवलं. दोघंही म्हणाले, सगळंच बदलून टाका. मी तबला उचलला आणि घरी आले. चाचांच्या हातची शाई आता कोण भरणार?

तर परवा. दोन तास ट्रॅफिक खाऊन गेटवर पोचले, तिथे पिशवी स्कॅनरमध्ये. सिक्युरिटीवाल्याने हातोडी बाहेर काढली.

"मॅडम, ही अलाऊड नाही."

"अहो, तबला सुरात लावायला लागते ती."

"टूल्सला गेटपास लागतो. तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर."

माझी कंपनी! माझं लेटरहेड! शेवटी हातोडी ठेवून घेतली आणि मला पावती दिली.

स्टेज कुठे होतं? बरोब्बर एसीच्या झोताखाली. एसीत चामडं सुकतं, तबल्याचा सूर चढत जातो, आणि तो उतरवायला काठावर खालून ठोकावं लागतं... हातोडीनं. म्हटलं, एसी तरी बंद करा. संयोजक मुलगी फार गोड होती. म्हणाली, "मॅडम, तिकीट रेज केलंय. चार तासांत रिझॉल्व्ह होईल." कार्यक्रम दीड तासाचा.

दुसऱ्या गाण्यात तबला एका बाजूला आणि गाणं दुसऱ्या बाजूला. गायक माझ्याकडे वळून बघायला लागले. ते बघणं ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल. कॅन्टीनमधून वरणाचा डाव मागवून ठोकून पाहिलं... डावच वाकला. समोरची माणसं हसली. मला रडायला येत होतं, खरं सांगते.

मग एचआरच्या साहेबांचं भाषण सुरू झालं. तेवढ्यात गळ्यात आयकार्ड घातलेली, चाळिशीची एक बाई स्टेजवर येऊन माझ्याशेजारी बसली. हातात काळा, गुळगुळीत दगड. तिनं काही न विचारता तबला कलता केला, कान लावला आणि काठावर खालून बेतानं ठोके देत फिरवत नेला. दोन मिनिटांत तबला सुरात. तिनं माझ्या तबल्याला हात लावला आणि मी ओरडले नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"अब्बांनी चढवलेलं आहे ना हे, ताई?" ती म्हणाली. "मागे बसले होते, आवाजावरून वाटलंच. मी रुक्साना. अन्वरभाईंची मुलगी."

मग तिनं तड्यावरून अंगठा फिरवला. "अब्बा चामडं चढवायचे. शाई मात्र मागच्या खोलीत व्हायची. थर अम्मी द्यायची आणि प्रत्येक थर मी घोटायचे. याच दगडानं."

तो दगड तिच्या ऑफिसच्या टेबलावर असतो म्हणे, पेपरवेट म्हणून. गेटवर त्याला कोणी गेटपास विचारला नाही!

त्या दुकानात मी वर्षानुवर्षं गेले. पडद्यामागून आलेला चहा प्यायले, आणि 'चाचांच्या हातची शाई' असं शिष्यांना सांगत राहिले. आत कोण बसलंय, हे एकदाही विचारलं नाही. तबलजी कुठे आहेत ऐकलं की अंगाचा तिळपापड होणारी मी... लाज वाटली. फार लाज वाटली.

"अम्मीला आता नीट दिसत नाही," रुक्साना म्हणाली. "पण बोट फिरवलं की कळतं तिला. रविवारी घेऊन या. ती सांगेल तशी मी भरते शाई."

एसी शेवटच्या गाण्यात बंद झाला. तबला लगेच उतरायला लागला... परत दगड, परत ठोके. असो.

हातोडी गेटवरच विसरले. पावती पर्समध्ये आहे, पण हातोडी आणायला पुन्हा हिंजवडीला जाण्याचं त्राण माझ्यात नाही. उद्या रविवार, रुक्सानाच्या घरी कोंढव्याला मात्र जाणार आहे, तबला मांडीवर घेऊन. गेल्या गेल्या आधी अम्मींना त्यांचं नाव विचारणार आहे.

एवढी वर्षं त्यांच्या शाईवर वाजवतेय... आणि मला ते माहीत नाही.