पिशवी काढलेल्या बाईचं दुखणं

फोन आला तेव्हा मी मशीनवर बसले होते. सिंधूबाईंचा मुलगा सचिन बोलत होता. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले. बरं! जळो माझं तोंड, त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. फोन ठेवला, सुईखाली असलेली बाही पुरती शिवली, दोरा तोडला आणि मग दुकानाचं शटर खाली ओढलं. बोरीतलं माझं हे शिवणकामाचं दुकान एवढंसं, पण दिवसभर बायकांची ये-जा असते. त्या दुपारी मात्र कुणी नव्हतं. गौरी बसायच्या होत्या, सगळ्या घरोघरी साफसफाईला लागलेल्या. म्हणून आत एकटीला मनसोक्त रडता आलं, आणि मग मी गावाकडं जाणारी ॲपे धरली.

सिंधूबाई माझी थोरली जाऊ. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. त्या आणि आमचे भाऊजी दरसाल ऊसतोडीला जायचे. आम्ही धाकटे बोरीला राहायला आलो, ते गावातच राहिले. दिवाळी आली की यांची टोळी निघायची, ती उन्हाळा लागल्यावर परत. बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायच्या तेव्हा खालचे गडी नुसते बघत राहायचे, असं भाऊजीच कौतुकानं सांगायचे. तोंडानं लय फटकळ. माझ्या दुकानात आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "उषा, साऱ्या गावाचे ब्लाऊज शिवायलीस आन् नवऱ्याच्या सदऱ्याला गुंडी न्हाई!" मुकादमालासुद्धा त्या तोंडावर बोलायच्या. अशी बाई डॉक्टरसमोर बसली की मुकी व्हायची. हे मला कधीच कळलं नाही... म्हणजे कळलं, पण फार उशिरा कळलं.

मी नवी नवरी होऊन आले तेव्हा घरातले शब्द बाईंनीच मला शिकवले. पाळी म्हणायचं नाही, 'बाहेरची झाले' म्हणायचं. पांढरं जात असेल तर 'अंगावर जातंय' एवढं म्हणायचं, तेही बायकांतच. बाकी जे काही असेल ते सगळं 'खालचं'. आमच्या गोठ्यातल्या बैलाच्या खुराला काय झालं, शेळीच्या सडाला काय झालं, त्या प्रत्येक रोगाला घरात नाव होतं आणि सासरे ते ओसरीवर बसून मोठ्यानं सांगायचे. बाईमाणसाच्या शरीराला मात्र बेंबीच्या खाली नावच नव्हतं. शाळेत तरी कुठं होतं? आमच्या मास्तरांनी तो धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला होता. घरी तो कुणासमोर वाचायचा, तेवढं काही त्यांनी सांगितलं नाही.

बाईंची गर्भाची पिशवी काढली तेव्हा त्या तिशीच्याही नसतील. ऊसतोडीच्या बायकांत हे नवं नाही. पाळीच्या दिवसांत कोयता थांबला की मुकादम खाडा धरून मजुरी कापतो, उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही, फडकं धुवायला जागा नाही. त्यात बाईंच्या अंगावर जायचं, ओटीपोट दुखायचं. शहरातल्या एका खासगी डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं आणि सांगितलं, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. भाऊजींनी मान हलवली. बाईंना कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनीही मानच हलवली असती. दवाखान्यातून परत आल्या त्या अगदी खुशीत. खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाल्या, "सुटले गं बाई. आता ना पाळी, ना अडचण, ना कॅन्सर." आतलं नेमकं काय काढलं आणि काय ठेवलं, हे त्या डॉक्टरनं सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं, पिशवी काढली म्हणजे खालचं सगळंच निघालं. आमच्याकडच्या शंभरातल्या शंभर बायकांना आजही तसंच वाटतं. दुकानात विचारून बघा.

मध्यंतरी आशाताई गावात घरोघर फिरत होती. उपकेंद्रात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होती. बाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या, मी गावाकडं भाजी-माळवं आणायला गेलेली. आशाताई म्हणाली, "मावशी, दुखत न्हाई काही, पाच मिनिटांचं काम हाय, या." बाईंनी शेंग तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "माझं घरच पाडलंय बाई, आता दार कामून तपासायलीस?" काय हसलो आम्ही सगळ्या! आशाताईसुद्धा हसली, खरं आहे म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. बोलण्यात बाईंना कोण हरवणार? त्या दिवशी त्या पाच मिनिटांसाठी उठल्या असत्या तर आज मी हे लिहीत बसले नसते.

मागच्या साली त्या फडावरून आल्या त्या वाळूनच. माप घ्यायला टेप लावला तर जुना ब्लाऊज पार ढगळ झालेला. मी म्हणाले, "बाई, जेवत न्हाई का काय?" तर म्हणाल्या, "उन्हाचं जेवण जात न्हाई." मग उगीच इकडंतिकडं बघितलं. दुकानात अजून एक बाई बसलेली होती, ती जाईपर्यंत थांबल्या. पडदा ओढून घेतला आणि लाजत, हसत म्हणाल्या, "उषा, पिशवी काढल्यावर पाळी पुना येती का गं?"

मी टेप खाली ठेवला. विचारता विचारता बाहेर आलं ते असं. फडावर असतानाच रक्त जायला लागलं होतं, आधी डाग, मग जास्त. आता घाण वासही येत होता. त्यांना वाटलं उष्णता झाली. सब्जा भिजवून प्याल्या, धन्या-जिऱ्याचं पाणी प्याल्या. तिकडच्या एका दवाखान्यातही गेल्या होत्या. पण शेजारी भाऊजी बसलेले आणि डॉक्टर बाप्यामाणूस. मग काय सांगितलं? कंबर दुखते. त्यानं कमरेचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा कंबर, पुन्हा इंजेक्शन. मला इतका संताप आला की मी ओरडले, "बाई, मुकादमाला शिव्या घालायला तोंड हाय तुमाला, आन् हितं न्हाई?" त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. भाऊजीही आले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, काय त्रास होतो? बाईंनी भाऊजींकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कंबर..." मी भाऊजींना सरळ बाहेर काढलं. जा, चहा पिऊन या म्हणाले. आयुष्यात थोरल्या दिरासमोर आवाज चढवला तो तेवढाच. मग बाईंनी सांगितलं, तेही माझ्याकडं बघत, मीच डॉक्टर असल्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी आत नेऊन तपासलं. हात धुताना त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसला.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. वरची पिशवी काढलेली आहे, पण तिचं तोंड तसंच ठेवलेलं आहे, आणि दुखणं त्या तोंडालाच झालेलं दिसतंय. असं अर्धं ऑपरेशन करतात कधी कधी, म्हणाल्या. म्हणून पिशवी काढली तरी तपासणी चुकवायची नसते. बाईंनी त्या चित्रावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग त्यानं काढलं काय?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. आपल्या अंगात काय आहे आणि काय नाही, हे त्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, आणि तेव्हा करण्यासारखं फार उरलेलं नव्हतं.

पुढचं काय सांगू... परभणी झालं, तिथून मोठ्या शहरातला कॅन्सरचा दवाखाना झाला. तुकडा काढून तपासला. रोग मूत्राशयापर्यंत गेलाय म्हणाले. रेडिएशनचे शेक दिले. रक्त थोडं थांबलं आणि आम्ही वेड्यासारखे खूश झालो. नंतर पाय सुजले, लघवी तुंबली. शेवटच्या भेटीत मी पाय चेपत होते, तर म्हणाल्या, "उषा, वास येतोय का गं माझा?" मी म्हणाले, न्हाई बाई. येत होता. त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्या म्हणाल्या, "मंग बस जराशी." मी बसले.

त्या गेल्यावर भेटायला येणारा जो तो विचारायचा, कशानं गेल्या? भाऊजी ठरलेलं उत्तर द्यायचे, "पोटाचा आजार." तेराव्याला सगळे पाहुणे जमलेले, पत्रावळ्या मांडलेल्या, आणि कुणीतरी पुन्हा तेच विचारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाढायची बादली खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. अर्धी पिशवी काढली आणि अर्धी ठेवली, आणि कुणी सांगितलं नाही." सासरे खाकरले. माझ्या नवऱ्यानं बादली उचलली आणि भात वाढायला लागला. बायकांतल्या एकीनं माझा हात धरून मला आत नेलं. मला वाटलं, ही तरी काही विचारेल. ती म्हणाली, "गड्यामाणसांत असं बोलू नये, बाई."

परवा दसऱ्यानंतर बाईंची खोली आवरायला गेले होते. मागच्या अंगणात गोठ्याच्या भिंतीला दोरी बांधलेली आहे. तिच्यावर बाईंची एक जुनी निळी साडी वाळत होती. महिना उलटून गेला तरी साडी कुणी काढली नाही म्हणून ती ओढायला गेले, तर खाली फडकी. आमच्या घरात हे असंच चालतं. पाळीची फडकी साडीखाली वाळवायची, कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाहीत. आणि तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या बाईची पिशवी काढून इतकी वर्षं झाली, तिची फडकी या दोरीवर वाळत होती. घरातल्या आम्ही सगळ्या बायका या साडीच्या खालून वाकून गोठ्यात जात होतो, आणि एकीनंही विचारलं नाही की ही फडकी कुणाची. मी ती काढायला हात लावला.

फडकं ओलं होतं.

मागं बाईंची सून रेखा उभी होती, शेणाची पाटी घेऊन. पंचविशीची पोर, दोन लेकरांची आई. म्हणाली, "राहू द्या काकू, माझी हायेत ती."

"पाळी आली का?"

ती खाली बघायला लागली.

"रेखा, पाळीची हायेत का मधलीच?"

"मधलीच," ती म्हणाली. "लय दिस झाले."

"सचिनला सांगितलंस?"

"त्यास्नी सांगितलं कंबर दुखायलीय म्हणून."

मी तिचा दंड धरला. म्हणाले, चप्पल घाल, आत्ता निघायचं, दवाखाना उघडा असेल, मी आत तुझ्यासोबत बसते, मी बोलते. सगळ्याच गोष्टी कॅन्सर नसतात, साधं इन्फेक्शन असेल, गोळ्यांनी बरं होईल, पण दाखवायला तर पाहिजे. मी कितीतरी बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हलकेच दंड सोडवला, दोरीवरची साडी नीट पसरून फडक्यांवर ओढली आणि म्हणाली, "आल्यावर जाऊ काकू. ह्या बारीला आमची टोळी लवकर निघायलीय. उद्या ट्रक येणार हाय."