निकालानंतरची भेट

वामनभाऊ गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा दुकानात आला, तेव्हा मी कापड मोजत होतो. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं... मला ऐकूच येईना.

गांधीबागेत माझ्या दुकानामागे त्यांचा सोडावॉटरचा छोटासा कारखाना होता. रोज दुपारी आम्ही तिथं गप्पा मारत बसायचो. एका उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या शकुंतलाबाई सोडा घ्यायला आल्या. वामनभाऊंनी दिलेली बाटली त्यांच्या हातातच फुटली आणि काच डोळ्यात गेली. वामनभाऊंनीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण डोळा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी ते भेटायला निघाले, तर ओळखीच्या वकिलांनी अडवलं.

"तिकडे फिरकू नका. माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होईल."

"वकीलसाहेब, डोळा गेला तिचा."

"म्हणूनच सांगतो."

घरी मुलंबाळं होती, कारखान्याशिवाय दुसरा आधार नव्हता. वामनभाऊ थांबले. बाईंनी भरपाईचा दावा लावला आणि तो वर्षानुवर्षं चालला. कोर्टाच्या व्हरांड्यात बाई काळा चष्मा लावून समोर बसायच्या आणि वामनभाऊ मान खाली घालून फरशीकडे बघत राहायचे. शेवटी त्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. वकिलांनी पाठ थोपटली. बाहेर आल्यावर वामनभाऊ मला म्हणाले, "आता तं जाता येईन ना गा?"

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. बाईंनी पाणी दिलं. शिलाई मशीनवर कपडा टाकलेला होता. वामनभाऊंनी हात जोडले.

"तेव्हाच आले असते भाऊ, तं मी कायले कोर्टात गेली असती?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मले वाटे, एकदा तरी विचारायले येईन माणूस." मग त्या आत गेल्या. आम्ही बराच वेळ बसलो... त्या परत बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्याआधी वामनभाऊंनी कारखाना विकला. त्यानंतर घरात सरबताची असो की औषधाची, कुठलीही बाटली ते दुसऱ्याला उघडू देत नसत. टॉवेलात गुंडाळायचे, सगळ्यांना लांब करायचे आणि मगच झाकण काढायचे. आम्ही हसायचो, ते हसत नसत.

परवा वामनभाऊंच्या घरी वहिनींना भेटायला गेलो होतो. त्यांनी लोणच्याची बरणी टॉवेलात धरली आणि म्हणाल्या, "भाऊजी, मागं सरका."

मी सरकलो.